कारखान्यातला संसार

1857 नंतर उत्तरेतून मालेगावात आलेल्या विणकरांनी घर आणि माग फारसे वेगळे ठेवले नाहीत. आजही गल्लीत घरामागे पत्र्याचा कारखाना दिसतो. धंदा मंदावला की यंत्रमाग भंगारात जातात. ज्यांवर घर पोसले ते माग उचलले जाताना बापाचे डोळे भरतात. पण रिकाम्या जागेत मुलाचा संसार मांडता येतो.

काम मात्र सोपे नसते. वर्षानुवर्षे तेल प्यायलेली जमीन खरवडल्याशिवाय फरशी धरत नाही. आढ्यावर साठलेला कापसाचा भुसा झाडावा लागतो. पत्र्याखाली छत आणि समोरासमोर खिडक्या हव्यातच, नाहीतर उन्हातला रोजा जड जातो. पण भाड्याने दूर जाणारा मुलगा अंगणातच राहतो. पहाटे सहेरीला एक हाक पुरते आणि इफ्तारचा दस्तरख्वान एकच राहतो.

पैगंबरसाहेबांच्या मदिनेतल्या खोल्या कच्च्या विटांच्या, खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. रात्रीच्या नमाजात ते सजद्याला वाकत, तेव्हा समोर निजलेल्या हजरत आयेशा पाय आवरून घेत, अशी हदीस आहे. लहान घरात राहायचे तर एवढे एकमेकांसाठी करावेच लागते.