बिल्डिंगवर लिहून पोट भरतं का?

जेऊरला गेले की हा प्रश्न ठरलेला. ‘तू नेमकं करतेस काय गं?’ मी सांगते, शहरातल्या जुन्या इमारतींवर लिहिते. मग मामांचा पुढचा प्रश्न, ‘बरं, पण नोकरी?’

प्रश्न चुकीचा नाही. महिन्याला तीन-चार लेख छापून आले तर भाडं निघतं, नाहीतर ट्रान्सलेशनची कामं. एका संपादकांनी तर राजाबाई टॉवरवरचा लेख बाजूला ठेवून विचारलं होतं, ‘यात सेलिब्रिटी कोण आहे?’

आहे ना! प्रेमचंद रायचंद. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या तेजीतला हा बडा खिलाडी. टॉवरसाठी पैसे त्याचे, नाव त्याच्या आईचं, बांधून पूर्ण १८७८ मध्ये. आपल्या जेऊरवरून जाणारी रेल्वे सोलापूरला पोचली १८६० साली, म्हणजे तेजीच्या अगदी तोंडावर. दख्खनचा कापूस याच रुळांवरून मुंबईला गेला. हे सांगितल्यावर मामा पहिल्यांदा नीट सरसावून बसले.

या लाइनमध्ये माझ्याआधी भारी लोक होऊन गेलेत. गोविंद नारायण माडगांवकर पेशाने शिक्षक. त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ आलं १८६३ मध्ये, म्हणजे किल्ल्याचा तट पाडायला निघाले त्याच सुमारास. ‘टाइम्स’चा सॅम्युअल शेपर्ड मुंबईतल्या रस्त्यांच्या नावांमागे लागला, १९१७ मध्ये त्याचं पुस्तकच काढलं आणि पुढे संपादकही झाला. आणि माझे फेव्हरिट, डॉ. अरुण टिकेकर! मुंबई विद्यापीठाचं चरित्र त्यांनी १९८४ मध्ये लिहिलं, नंतर १९९१ पासून २००२ पर्यंत ‘लोकसत्ता’चे संपादक. रोजच्या बातम्यांच्या धबडग्यात एकोणिसावं शतक हातचं सोडलं नाही. २०१६ मध्ये ते गेले.

पण एक गोष्ट खटकते. हे सगळं मुंबईचं. पुण्याचंही आहे, ना. वि. जोशींनी १८६८ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्याकडचं काय? करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळ रावरंभा निंबाळकरांनी बांधलं, तिथल्या विहिरीला ९६ पायऱ्या. लहानपणी मी त्या फक्त मोजल्यात. का ९६, दगड कुठून आला, गवंडी कोण, हे विचारायचं सुचलंच नाही. मुंबईतल्या प्रत्येक कमानीला मात्र मी हेच प्रश्न विचारत फिरते!

या वेळी रात्रीच्या गाडीचं तिकीट कॅन्सल केलं. मामांना म्हटलं, उद्या करमाळ्याला सोडाल का? ते म्हणाले, ‘याचे पैसे मिळणारेत का?’

अजून तरी नाही. पण त्यांनी सकाळी गाडी काढली.