एवढ्याशा टोपीला एवढे पैसे?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून जाताना शेडमधून येणारी यंत्रांची घरघर तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तेथे सीएनसी यंत्रावर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर सिरॅमिकची टोपी, म्हणजे आपण जिला ‘कॅप’ म्हणतो ती, बसवायला डॉक्टरांनी सांगितले होते. आकडा ऐकून स्वारी चिडली होती. “सर, कपबशीही चिनी मातीचीच ना? मग चिमूटभर मातीला एवढे पैसे? त्यापेक्षा दाढच काढून टाकतो!”

दाढ काढणे स्वस्त खरे. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरचा दात खाली-वर सरकतो आणि चावणे बिघडते. तेव्हा असा निर्णय घेण्याआधी त्या टोपीत काय असते ते पाहू.

हातात खडूचा तुकडा घ्या आणि दोन्ही टोके धरून वाकवा. तो पटकन मोडतो. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आणि ताण सोसणे खडूला जमत नाही. चिनी मातीचेही असेच आहे. दाब ती उत्तम सोसते, पण ताणाला कच्ची. म्हणून दाढेसाठी धातूच्या पातळ टोपीवर तिचा थर भाजून बसवण्याची पद्धत निघाली. त्यासाठी धातू व चिनी माती यांचे प्रसरण गुणांक जवळजवळ सारखे असावे लागतात. तसे नसेल तर भट्टीतून काढून गार होतानाच थर तडकेल.

पुढे झिर्कोनिया हे सिरॅमिक आले. याचे मूळ खनिज झिर्कॉन केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडते. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून काढून गार होऊ लागला की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि वस्तू आपोआप तडकते. त्यात थोडा इट्रिया मिसळला तर हा बदल रोखून धरता येतो. मग गंमत होते. टोपीत तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक तेवढ्यापुरते फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात! १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी झिर्कोनियाचा हा गुण ‘नेचर’ नियतकालिकात मांडला, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच ‘सिरॅमिक पोलाद?’ असा प्रश्न होता.

आता ही टोपी घडवायची कशी? भाजलेला झिर्कोनिया इतका कठीण की कोरताना हत्यारेच झिजतील. म्हणून तो अर्धवट भाजून, खडूसारखा मऊ असतानाच संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रावर कोरतात. मग टोपी सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास भाजतात. त्यात तिची प्रत्येक बाजू सुमारे २० टक्के आकसते.

येथे एक हिशेब करा. भाजल्यावर १० मिलिमीटर रुंदी हवी, तर आधी किती ठेवाल? बरेच जण १२ म्हणतात. पण १२ चे २० टक्के २.४, उरले ९.६. टोपी ०.४ मिलिमीटरने तोकडी पडली! बरोबर उत्तर १२.५. दात आणि टोपीची कड यांत फट साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे जाड पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. फट मोठी राहिली तर तेथे अन्न व जंतू साठतात आणि आतला दात किडतो.

हे ऐकताच माझा विद्यार्थी हसला. “सर, हे तर आमचेच काम झाले. पण आम्ही एक प्रोग्राम बसवला की एकसारखे हजार नग काढतो.”

नेमके हेच! दोन माणसांच्या दाढा सारख्या नसतात. प्रत्येक टोपी हा पहिलाच नग आणि शेवटचाही. माप घेणे, आराखडा करणे, कोरणे, भाजणे, रंग जुळवणे, बसवताना घासून नीट करणे, हे सारे एका नगासाठी. यंत्र, भट्टी व हत्यारे यांची झीजही त्यावरच बसते. टोपीचे वजन एखाद-दोन ग्रॅम. पण पैसे मातीचे नसून या कामाचे असतात.

म्हणून सांगितलेला प्रत्येक आकडा योग्यच, असे मात्र नव्हे. टोपी कोणत्या पदार्थाची, प्रयोगशाळेचा खर्च किती, डॉक्टरांचे शुल्क किती, तडकली तर बदलून मिळेल का, हे मोकळेपणाने विचारावे. मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला धातूची टोपी चालेल का, हेही विचारावे; पुष्कळदा ती स्वस्त पडते व उत्तम टिकते. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शुल्क सहसा कमी असते.

माझ्या विद्यार्थ्याने हे प्रश्न विचारले आणि दाढ राखली. तुम्ही मात्र दातावर काळा ठिपका दिसताच डॉक्टरांकडे जा. कीड लहान असताना भरलेल्या दाताला बहुधा टोपीची गरजच पडत नाही.

जाता जाता एक उदाहरण सोडवा: प्रत्येक बाजू २० टक्के आकसली, तर टोपीचे घनफळ मूळच्या किती टक्के उरेल? उत्तर काढल्यावर अर्धवट भाजलेला झिर्कोनिया इतका मऊ का, याचा विचार करा.