वयात येण्याची घाई थांबवणाऱ्या इंजेक्शनाची जन्मकथा

दुसरी-तिसरीतल्या मुलीची आई ओपीडीत येते, मुलीला बाहेर बसवते आणि आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, हे इंजेक्शन दिल्यावर पुढे हिला पाळी येईल ना? मूल होईल ना?" या भीतीपोटी कितीतरी घरं उपचार लांबवतात. अशा वेळी मी त्यांना पिट्सबर्गच्या माकडिणींची हकिगत सांगते.

तिची सुरुवात कत्तलखान्यात झाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप गेला की शरीर वयात येऊ लागतं. मेंदूचे असे निरोप कोणत्या रसायनांचे असतात, ते शोधायला रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली ह्यूस्टनला एकत्र काम करत होते. १९६२ मध्ये त्यांची फाटाफूट झाली आणि पुढची काही वर्षं दोघं एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. एकाने मेंढ्यांचे मेंदू जमवले, दुसऱ्याने डुकरांचे, तेही लाखोंनी, कारण एका मेंदूतून हाती लागणारं द्रव्य नगण्य. शेवटी १९७१ मध्ये शॅलींच्या प्रयोगशाळेत मात्सुओ, अरिमुरा आणि सहकाऱ्यांनी वयात आणणाऱ्या संप्रेरकाची रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९७७ चं अर्धं नोबेल दोघा प्रतिस्पर्ध्यांत वाटलं गेलं. आता मूल न होणाऱ्या जोडप्यांना हे औषध द्यायचं, अशी आशा होती.

इथे पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडिणी येतात. ज्यांचा हायपोथॅलॅमस निकामी केला होता अशा ऱ्हीसस माकडांना नोबिल यांच्या गटाने हे संप्रेरक सलग देऊन पाहिलं. पिट्युटरी जागी होण्याऐवजी गप्प झाली. तेच संप्रेरक तासातासाने थोडं थोडं दिलं, तर ती पुन्हा कामाला लागली. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग १९८० मध्ये त्यांनी वयात न आलेल्या माकडिणींना तासातासाने डोस दिले. त्या वयात आल्या, त्यांची चक्रं सुरू झाली. डोस थांबवल्यावर त्या परत बाल्यावस्थेत गेल्या! म्हणजे बीजकोश आधीपासून तयारच असतात, अडलेलं असतं ते मेंदूकडून येणाऱ्या तालावर. तो ताल सुरू होऊ शकतो आणि थांबूही शकतो. मला हा या सगळ्या शोधातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अकाली वयात आलेल्या पाच मुलींना याच संप्रेरकाचं जास्त काळ टिकणारं, म्हणजे सलग डोसासारखं पिट्युटरीला गप्प करणारं रूप रोज त्वचेखाली देण्यात आलं. आठ आठवड्यांत त्यांची वाढलेली संप्रेरकं खाली आली आणि औषध बंद केल्यावर पुन्हा वर गेली. त्याआधीची औषधं पाळी थांबवत, पण उंची वाचवू शकत नव्हती. आज महिन्याने किंवा तीन महिन्यांनी दिलं जाणारं ल्युप्रोलाइड हे त्याच कुळातलं. साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास ते बंद करतो, त्यानंतर बहुतेकींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते, आणि मोठेपणी त्यांना मुलंही होतात. हे ऐकल्यावर त्या आईचा श्वास मोकळा होतो.

वेळेवर ओळखण्याचा किस्सा मात्र वेगळ्याच बाईंचा. मार्सिया हर्मन-गिडन्स डॉक्टर नव्हत्या. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात त्या फिजिशियन असिस्टंट होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलींमध्ये वाढीची चिन्हं त्यांना वारंवार दिसू लागली. पुस्तकं काही वेगळंच सांगत होती, तरी त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या मदतीने १७,०७७ मुली तपासून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले: स्तनांची वाढ सुरू होण्याचं सरासरी वय गोऱ्या मुलींत दहाच्या आसपास, कृष्णवर्णीय मुलींत नऊच्याही आत. तज्ज्ञांनी आक्षेप घेतला की नुसतं बघून चरबीलाच स्तन समजलं गेलं असेल. आक्षेपात तथ्य होतं. म्हणून आम्ही बोटांनी चाचपून पाहतो. स्तनाग्राखाली घट्ट चकतीसारखी गाठ लागली तर ती ग्रंथी, मऊ लागली तर चरबी.

मुलांकडे कुणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यात पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं. तो मोजायला झुरिकच्या आंद्रेआ प्राडर यांनी बनवलेली लंबगोल मण्यांची माळ आजही आमच्या टेबलावर असते. चार मिलिलिटरच्या मण्याएवढा आकार ही सुरुवात. मुलांमध्ये मेंदूतली गाठ कारण असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त, म्हणून एमआरआय टाळायचा नाही.

घरचे फसतात ते उंचीमुळे. मूल वर्गात सगळ्यांच्या पुढे गेलं की कौतुक होतं. प्रत्यक्षात हाडं वेळेआधी पिकत असतात, लवकरच वाढ थांबते आणि शेवटी तेच मूल ठेंगणं राहतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. दूध आणि चिकन यांच्यावर खापर फोडणारे पालक रोज भेटतात. मुलींमध्ये खरा संबंध दिसतो तो वाढत्या वजनाशी. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटलीप्रमाणेच पुण्यातल्या डॉक्टरांनीही अशा रुग्णांत वाढ नोंदवली.

प्रत्येकीला इंजेक्शन लागतं असंही नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची छाती थोडी वाढली तर बहुधा आपोआप ओसरते. नुसते केस किंवा घामाचा वास असेल तर काही महिने लक्ष ठेवून चालतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

शरीर मोठं दिसलं तरी मूल आठ वर्षांचंच असतं. "आता मोठी झालीस" म्हणून तिचं खेळणं बंद करू नका. पाळी म्हणजे काय, कुणी कुठे हात लावू नये, हे तिच्या भाषेत आधीच सांगून ठेवा. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. मुलीची आठ आणि मुलाची नऊ वर्षं पूर्ण होण्याआधी खुणा दिसल्या, तर पाळीची वाट न पाहता शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी घेऊन त्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा.