वास्तुविशारदाची पात्रता : शिक्षण, नोंदणी आणि पदनामाचे संरक्षण

प्रस्तावना :
घराचा नकाशा करून देणाऱ्या प्रत्येकास आपल्याकडे सर्रास ‘आर्किटेक्ट’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ‘वास्तुविशारद’ हे संरक्षित पदनाम आहे. ते कसे प्राप्त होते आणि या संरक्षणाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिक्षण व प्रशिक्षण :
वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शिक्षणाचे किमान निकष ठरविते. पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा व दहा सत्रांचा असतो. प्रवेशासाठी गणितासह बारावी अथवा दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका आणि अभिरुची चाचणी आवश्यक असते. परिषदेची ‘नाटा’ ही चाचणी २००६ पासून घेतली जाते. संकल्पन, बांधकामशास्त्र, संरचना व इमारत-सेवा या विषयांबरोबरच नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या कार्यालयातील प्रात्यक्षिक प्रशिक्षणही अनिवार्य आहे.

या शिक्षणाचे नियमन नेमके कोणी करावे, हा वाद कोल्हापूरच्या एका वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने वास्तुकलेच्या पदव्यांच्या मान्यतेबाबत १९७२ चा अधिनियमच प्रभावी असल्याचा निर्णय दिला.

नोंदणी :
अधिनियमाच्या परिशिष्टातील मान्य पदवी धारण करणारी व्यक्ती परिषदेकडे नोंदणीसाठी अर्ज करू शकते. विधी पदवीधरास वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वास्तुकलेच्या पदवीधरासाठी तशी स्वतंत्र परीक्षा अधिनियमात नाही. नोंदणी टिकविण्यासाठी नूतनीकरण शुल्क भरावे लागते, तर व्यावसायिक वर्तनासाठी १९८९ चे विनियम लागू आहेत.

संरक्षण कशाचे?
अधिनियमाच्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस हे पदनाम वापरता येत नाही. परंतु इमारतीचे संकल्पन व पर्यवेक्षण ही केवळ वास्तुविशारदाचीच कामे होत, असे हा कायदा म्हणत नाही. अभियंत्यांना आपला व्यवसाय करता यावा, हा विधिमंडळीय हेतू मूळ विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नमूद होता. मार्च २०२० मध्ये नोएडा प्राधिकरणातील पदनामांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ग्राह्य धरला. म्हणजेच, संरक्षण पदनामाला आहे, कामाला नाही.

समारोप :
वरील विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, नागरिकाने नकाशावरील स्वाक्षरीपुरते समाधान न मानता नोंदणी क्रमांकाची खातरजमा करावयास हवी. दोन, पदवीनंतर कोणतीही चाळणी नसल्यामुळे महाविद्यालयाचे मूल्यमापन हीच या व्यवसायातील अखेरची परीक्षा ठरते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पास दिलेले गुण किंवा प्रशिक्षणाच्या अहवालावर केलेली स्वाक्षरी ही केवळ शैक्षणिक औपचारिकता राहत नाही. त्या कागदाच्या आधारे उभ्या राहणाऱ्या इमारतीत उद्या माणसे राहणार असतात. ही जबाबदारी प्रथमतः अध्यापकाची आहे.