फाइलीचा आकार आणि तिने व्यापलेली जागा

ग्रामपंचायतीचे दाखले अथवा शाळेच्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरविल्यानंतर फाइलींचा एकूण आकार थोडा, पण व्यापलेली जागा कितीतरी अधिक, असे पुष्कळदा आढळते. हा संगणकाचा दोष नव्हे.

साठवणुकीची जागा समान मापाच्या कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्यास 'क्लस्टर' म्हणतात. एका कप्प्यात दोन फाइली राहत नाहीत. फाइल कितीही लहान असली तरी तो संपूर्ण कप्पा तिच्याच नावे होतो. विंडोज संगणकावर एक्सफॅट पद्धतीने तयार केलेल्या ६४ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर हे माप सामान्यतः १२८ किलोबाइट असते. त्यावर २ किलोबाइटच्या १,००० फाइली ठेवल्यास त्यांचा आकार सुमारे २ मेगाबाइट भरतो. जागा मात्र १२५ मेगाबाइट अडते. त्याच फाइली एका झिप फाइलीत एकत्र केल्यास सुमारे २ मेगाबाइट जागा पुरते.

म्हणून जागेचा अंदाज बांधताना फाइलींची संख्याही विचारात घ्यावी. प्रत पूर्ण उतरली की नाही, हे पडताळताना 'साइज' हा आकडा व फाइलींची संख्या जुळवावी. 'साइज ऑन डिस्क' हा आकडा दोन ठिकाणी वेगळा आला, तरी नोंदी गहाळ झाल्या असे समजण्याचे कारण नाही.