चुलीचा धूर जातो कुठे?

चुलीचा धूर धुराड्यातून वर गेला की आपण म्हणतो, चला, घर मोकळं झालं. पण मैत्रिणींनो, तो धूर पुढे जातो कुठे? याचं उत्तर गोव्याच्या समुद्रकाठी मिळालं.

काणकोण तालुक्यात काब द राम नावाचा जुना किल्ला आहे. वनवासात प्रभू रामचंद्र इथे राहिले, अशी तिकडे श्रद्धा. तिथल्या समुद्रकाठावर 1993 ते 2002 या काळात ठरावीक दिवसांनी काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेतली जाई. अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संस्था यांचं हे काम. बाटल्या ऑस्ट्रेलियात तपासल्या जात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असे हवेत चिमूटभर असणारे वायू त्यात मोजले जात.

काय दिसलं? पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, तेव्हा हवा स्वच्छ. हिवाळ्यात वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे. तेव्हा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड वाढलेले. म्हणजे आपल्या चुली, गाड्या, गोठे, शेतात पेटवलेला काडीकचरा, सगळ्यांचा हिशेब त्या बाटलीत उतरत होता!

आता आपल्या नरखेड तालुक्याकडे या. कपाशी निघाली की पऱ्हाटीचे ढीग. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटते. 2016 साली उज्ज्वला योजना आली, अनेकींकडे गॅस आला. पण सिलिंडर संपला आणि हाती पैसा नसला की चूल पुन्हा पेटतेच.

अर्धवट जळण्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड समुद्रकाठी अगदी कणभर. आपल्या कोंदट स्वयंपाकघरात मात्र तो कितीतरी पटीनं जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, आणि आपण म्हणतो, "पित्त झालं असेल." गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही त्याचा धोका.

म्हणून एवढं करा. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत दारंखिडक्या लावून पेटती शेगडी ठेवू नका. त्यानं झोपेतच जीव जाऊ शकतो. चुलीजवळ खिडकी उघडी असू द्या. पऱ्हाटी पेटवण्याऐवजी बारीक करून खताच्या खड्ड्यात घाला. बचत गटाच्या बैठकीत पैशांसोबत हाही विषय काढा. धूर समुद्रापर्यंत जातो खरा, पण त्याआधी तो आपल्या छातीतून जातो.