समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आणि बर्ड फ्लूची साथ

(वांद्रे इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे पक्ष्यांचं कुठून काढलंत?" तर ते मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधून काढलं.

जानेवारी २०२१ ची गोष्ट. सकाळी फिरून परत आलो तर कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली एक कावळा मरून पडलेला. वॉचमननं तो पायाला धरून उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच आठवड्यात बातम्या सुरू झाल्या. परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. मुंबई, ठाणे, दापोली इथल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. संध्याकाळी मीटिंग. एक जण म्हणाले, झाडाच्या फांद्या छाटा. दुसरे म्हणाले, दाणे टाकणं बंद करा. तिसऱ्यांनी समुद्राकडे हात केला. "ते पांढरे पक्षी बघा, थंडीत बाहेरून येतात. तेच रोग घेऊन येतात." आणि खरं सांगतो, मीही मान डोलावली.

रात्री मला त्या मान डोलावण्याची लाज वाटली. वर्षभरापूर्वी करोनात हेच वाक्य आपण माणसांबद्दल ऐकलं होतं. परदेशातून आलेल्यांबद्दल, नंतर कामवाल्या बायकांबद्दल. मग मी वाचायला बसलो. चार-पाच वर्षं अधूनमधून वाचतो आहे. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं आज सांगतो.

आपले कुरव कुठले?

कार्टर रोडवर किंवा माहीमच्या खाडीच्या तोंडाशी थंडीत जे पांढरे-राखाडी पक्षी दिसतात त्यांना मराठीत कुरव म्हणतात. आपण सरसकट 'सीगल' म्हणतो आणि गाठ्या टाकतो. त्यात तपकिरी डोक्याचा कुरव असतो. त्याचं घर मध्य आशिया आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी आहे. तिथं तो उन्हाळ्यात पिल्लं काढतो.

आता ही जोड बघा. २००५ च्या मे-जूनमध्ये चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक पक्षी मेले. सगळ्यात जास्त पट्टकादंब हंस, पण त्यांच्या जोडीला तपकिरी डोक्याचे कुरवही. म्हणजे आमच्या मीटिंगमध्ये आरोपी ठरलेली जात त्या यादीत मृतांच्या रकान्यात आहे.

विषाणू बिघडला कुठे?

इन्फ्लुएन्झाचे विषाणू बदकांमध्ये, कुरवांमध्ये फार पूर्वीपासून आहेत. बहुतेक वेळा ते पक्ष्याच्या आतड्यात राहतात, विष्ठेतून पाण्यात जातात, पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यात. पक्षी फारसा आजारीही पडत नाही. यजमानाला मारलं तर पाहुण्याचीही सोय जाते, असा तो जुना समझोता आहे.

तो मोडतो कसा? विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते एका ठिकाणी कापलं गेलं तरच विषाणूला पेशीत शिरता येतं. कुलूपच म्हणा. सौम्य विषाणूच्या कुलपाची किल्ली फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत असते, म्हणून तो तिथंच अडकून राहतो. एच-५ आणि एच-७ या प्रकारांत या कुलपात बदल होऊ शकतो. मग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक अवयवातली किल्ली त्याला चालते. मेंदू, यकृत, हृदय, सगळीकडे शिरकाव. असा विषाणू रानात फार टिकत नाही, कारण पक्षी पुढच्या तळ्यावर पोचण्याआधीच मरतो. पण एका छपराखाली हजारो सारख्याच कोंबड्या दाटीनं ठेवल्या असतील, तर एक मेली तरी शेजारची आहेच. हा बदल बहुतांशी अशा ठिकाणी झालेला आढळतो.

आजच्या एच-५-एन-१ चा पूर्वज १९९६ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना लागण झाली, सहा दगावली. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला.

समुद्रपक्ष्यांना याचा फटका कधीच बसला नव्हता असं नाही. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १३०० सुरय मेले होते, विषाणू एच-५ गटातलाच होता. पण ती साथ तिथंच विझली. २०२१ पासून जे चाललं आहे ते विझत नाही.

वसाहत म्हणजे काय?

समुद्रपक्षी आयुष्यभर पाण्यावर विखुरलेले असतात. विणीच्या काळात मात्र ठरावीक खडकांवर एकत्र येतात, चोचीला चोच लागेल इतके जवळ. कारण तिथं कोल्हा नाही, मुंगूस नाही. हजार डोळे पहारा देतात. गर्दी हेच त्यांचं संरक्षण.

आपल्या भाषेत 'साथ' शब्दाला दोन अर्थ आहेत. सोबत, आणि रोगाची साथ. मूळ संस्कृत शब्द 'सार्थ', म्हणजे एकत्र प्रवास करणारा तांडा. जे एकत्र चालतात त्यांना एकमेकांचा आधार मिळतो आणि एकमेकांचा आजारही. करोनात आपण हे अनुभवलं. फरक एवढाच की आपल्याला दार लावून घरात बसता आलं. अंड्यावर बसलेल्या पक्ष्याला दार नाही. उठला तर अंडं गेलं.

स्कॉटलंडजवळ बास रॉक नावाचा खडक आहे. गॅनेट पक्ष्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक तिथली. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथं साथ शिरली. २०२४ मध्ये ब्रिटनमधले मोजणीचे आकडे आले, तेव्हा गॅनेट सुमारे २५ टक्के घटले होते. आणि ग्रेट स्कुआ, ज्याची जगातली निम्म्याहून अधिक संख्या साथीआधी तिथंच विणीला येत असे, तो ७६ टक्के घटला होता. काही गॅनेट वाचले. त्यांचे निळसर-पांढरे डोळे काळे झाले होते. त्यांच्या रक्तात विषाणूशी लढल्याच्या खुणा सापडल्या.

पेरूच्या किनाऱ्यावर २०२२ च्या अखेरीपासून पेलिकन, बूबी, पाणकावळे मिळून लाखभराहून जास्त पक्षी गेले. तिथून विषाणू समुद्रसिंहांत गेला. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची सतरा हजारांच्या आसपास पिल्लं मेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला.

कोंबडी सहा आठवड्यांत बाजारात जाते, तिची जागा दुसरी घेते. गॅनेट पहिलं अंडं घालतो साधारण पाचव्या वर्षी, आणि वर्षाला एकच. तो तीस-पस्तीस वर्षं जगू शकतो, त्या भरवशावर निसर्गानं हा संसार मांडलेला आहे. पिल्लं मेली तर वसाहत सावरते. प्रौढ पक्षी मेले तर सावरायला आपल्या एका पिढीएवढा काळ लागतो.

कुंभाराचं गाढव

आता माझ्या घरच्या विषयाकडे येतो. न्यायशास्त्रात एक लाडकं उदाहरण आहे. घड्याचं कारण कोण? माती, कुंभार, चाक, दांडा. आणि ज्या गाढवानं माती आणली ते? नैयायिक म्हणतात, नाही. गाढव घडा होण्याआधी हजर होतं खरं, पण माती बैलगाडीतूनही आली असती. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात.

तर पक्षी हे गाढव आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर, काही वेळा हो आणि काही वेळा नाही. कोंबड्यांच्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विषाणू जातो तो पिंजऱ्यांवरून, गाड्यांच्या चाकांवरून, माणसांच्या बुटांवरूनही. तिथं पक्षी नसता तरी चाललं असतं. पण समुद्रातल्या एकाकी खडकावर ट्रक जात नाही. तिथं विषाणू पंखांवरूनच गेला. तिथं पक्षी कारणांपैकी एक आहेच, हे नाकारणं म्हणजे भाबडेपणा.

मात्र कारण असणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं. दोष त्याचा, ज्याला दुसरं काही करता आलं असतं. कुरवाला स्थलांतर न करण्याचा पर्याय नाही. कोंबड्या किती दाटीनं ठेवायच्या, आजारी कळप लपवायचा की कळवायचा, शेतकऱ्याला वेळेवर नुकसानभरपाई द्यायची की नाही, हे पर्याय आपल्याकडे आहेत. आमच्या मीटिंगमध्ये आम्ही कारण शोधत नव्हतो. बोट दाखवायला कुणीतरी शोधत होतो.

आपल्या दाराशी

आपल्याकडे समुद्रपक्ष्यांच्या वसाहती थोड्या आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, तिथं सुरय पक्षी विणीला येतात. जागा चिमूटभर. एकाच मोसमात तिथं साथ शिरली तर काय होईल, याचा हिशोब बास रॉकवरून करता येतो. म्हणून अशा बेटांवर विणीच्या काळात उतरू नये, आणि त्यांच्यावर जाणकारांची नियमित नजर असावी.

एका बाईंनी आत्ता चिठ्ठी पाठवली आहे: "मग पक्षी मारून साथ थांबत नाही का?" नाही थांबत. रानपक्ष्यांवर गोळ्या झाडल्या, झाडं तोडली, की वाचलेले पक्षी उठून दुसरीकडे जातात आणि विषाणूही सोबत नेतात. उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. मुलांना, कुत्र्यांना लांब ठेवा. महापालिकेला किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवा. अंडी, चिकन नीट शिजवलेलं असेल तर भीती नाही, उष्णतेनं विषाणू मरतो. आणि कुरवांना गाठ्या टाकणं थांबवा. एक तर ते त्यांचं अन्न नाही, शिवाय आपण त्यांना नसत्या जागी दाटीनं गोळा करतो.

माणसाला धोका आज कमी आहे, पण शून्य नाही. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगानं गेले. विषाणू सस्तन प्राण्यांत वाट शोधतो आहे, आणि आपणही सस्तनच.

आमच्या सोसायटीतलं बदामाचं झाड अजून आहे. पुढच्या मीटिंगला मी उभा राहून एवढंच म्हणालो होतो की मागच्या वेळी मी मान डोलावली, ती चूक होती. वॉचमनसाठी हातमोजे आणि नोटीस बोर्डावर कळवण्याचा नंबर, असा ठराव झाला. फार मोठं काही नाही. पण त्या रात्री समुद्राकडे कुणी हात केला नाही.

आता प्रश्न घेऊ या.